तिसऱ्या गाण्यातला ढोल

प्रिय ठमाबाई,

तुझा अल्बम पोचला. फोनवरही ऐकता आला असता म्हणे, पण तू माझ्यासाठी मुद्दाम तबकडी करून पाठवलीस ते बरं केलंस. जुना रेकॉर्ड प्लेअर दुकानात बाकावर मांडला. पहिल्याच गाण्याला तुझी आई हातात झारा घेऊन नाचतच आतून आली. गुडघ्यांचं निमित्त करून जिना चढत नाही ही बाई! शेजारच्या इस्त्रीवाल्याने भिंतीवर थापा मारल्या. वैतागला असं वाटून मी गेलो, तर पठ्ठ्या इस्त्री बाजूला ठेवून ठेका धरत होता. आवाज एवढा मोठा कशाला, असं मात्र त्याने दोनदा विचारलं.

तू कम्प्युटरवर गाणी करायला लागलीस तेव्हा मी तोंडाला येईल ते बोललो होतो. बटणं दाबून कुठे ढोल वाजतो का, असंही म्हणालो होतो. ते शब्द मी परत घेतो. डोंगरातल्या बायकांचं गाणं, वाळवंटातलं ते दोन तारांचं वाद्य, लाकडी बासरी आणि खाली तुझ्या यंत्राची धडधड. ही मंडळी एका घरात इतक्या गुण्यागोविंदाने नांदतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. आणि सगळ्यांच्या बुडाशी माझी थाप! पाच ठोके बोटांनी, दोन तळव्याने. ढोलावर नवं कातडं चढवल्यावर मी तपासतो तशी. लहानपणी बाकाखाली बसून तू डब्यावर हीच वाजवायचीस आणि मी ओरडलो की डबा पाठीमागे लपवायचीस. पोरी, मला फार अभिमान वाटला. आईसमोर डोळे पुसावे लागले, तर धूळ गेली म्हणून सांगितलं.

आता तिसऱ्या गाण्याविषयी. त्यातला मोठा ढोल मी लगेच ओळखला. गेल्या वर्षी एक फिरता वादक दुरुस्तीला ठेवून गेला होता, तो. मी सूर लावला, तू रेकॉर्ड केलास, गिऱ्हाईक घेऊन गेलं. आठ दिवसांनी तो ढोल घेऊन परत आला आणि सूर उतरलेला आहे म्हणाला. मी त्याला फाडकन सांगितलं, आधी स्वतःचे कान तपासून घे. तू तिथेच उभी होतीस. आत जाऊन दोघांसाठी चहा करून आणलास.

हे गाणं ऐकताना मला काहीतरी खटकत होतं. शेवटी खणातला सूर तपासायचा नादकाटा काढला. चाळीस वर्षं तो मी गिऱ्हाइकांवर छाप पाडायलाच ठेवलाय. स्वतः कधी वापरला नाही, कानावर भरवसा होता. त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली की सूर डोक्यात लख्ख घुमतो. त्याच्याशी ताडून पाहिलं, तर ढोल उतरलेला निघाला. आधी मी तबकडी हळू फिरवतो म्हणून प्लेअरच्या पट्ट्याला शिव्या घातल्या, पण बाकीची गाणी बरोबर सुरात होती. पहिल्या गाण्यात नीट वाजणारी तीच बासरी तिसऱ्यात खाली आलेली. बायकांचं गाणंही खाली, दोन तारांचं वाद्यही खाली. एकटा ढोल वर चढवायला तुला एक बटण पुरलं असतं. तू माझ्या चुकलेल्या ढोलासाठी बाकीच्या सगळ्यांना खाली आणलंस. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं.

काल मी कान तपासून आलो. उजवा गेल्यातच जमा आहे, डावा निम्मा उरलाय. आई मला रोज बहिरा म्हणते, पण खरंच आहे हे तिला अजून सांगायचंय. त्या वादकाला मात्र माफीचं पत्र पाठवलं. तो शुक्रवारी ढोल परत आणतोय. मी घाबरलोय, ठमे. दुकान बंद करायला सांगायचं असेल तर तसं सांग, पण यापुढे माझ्यासाठी कुणाला खाली आणू नकोस. आणि शुक्रवारी ये. दोऱ्या मीच आवळेन, हातात अजून जोर आहे. तू समोर बाकावर बस आणि सूर लागला की मान हलव. तोवर मी थांबणार नाही.

तुझाच,
बाबा