आमच्या टँकचं पाणी स्वच्छ आहे

३ फेब्रुवारी, सोमवार
माशांच्या टँकमधल्या कोरलांचा, म्हणजे प्रवाळांचा, रंग गेला, असं योगिनी म्हणाली. योगिनी माझी धाकटी बहीण. बी.कॉम.ला आहे, त्यामुळे तिला सगळं कळतं. रंग गेलेला नाही. बदलला आहे. जांभळं होतं ते आता दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसतं. हिरवं होतं ते पांढरं. गुलाबी अजून गुलाबीच आहे, बाजूने बघितलं तर.

सोळा तारखेला डेनिस अंकल टँक बघायला येणार. त्यांचं शहाडला सी-फूड रेस्टॉरंट सुरू होतंय आणि दारातच खाऱ्या पाण्याचा मोठा टँक हवाय. माझा आवडला तर तिथला बनवायचं आणि सांभाळायचं काम मला. नाही आवडला तर दुसऱ्या दिवसापासून उत्तममामांच्या विठ्ठलवाडीच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं आईने परस्पर ठरवलंय. मी हो म्हटलं, कारण ती वेळ येणारच नाही.

४ फेब्रुवारी
पाणी तपासलं. नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य. शाळेत शून्य मिळालं की वाईट वाटायचं. इथे अभिमान वाटतो.

वर्तकनगरच्या नेविलला फोन केला. कोरलं त्याच्याच दुकानातली. तो म्हणाला, अरे प्रीतम, पाण्यात थोडी घाण पाहिजे रे, माशांची घाण असते ना, त्यावरच ते जगतात, तू उपाशी मारतोयस त्यांना. माल खराब निघाला की दुकानदार गिऱ्हाइकालाच दोष देतो. नम्रपणे फोन ठेवला.

६ फेब्रुवारी
दोषी सापडले. दोन नारिंगी मासे. खुर्ची टाकून समोर बसलो होतो. त्यातल्या एकाने जांभळ्या कोरलाच्या बरोबर डोक्यावर कार्यक्रम उरकला. मी इकडे रोज काच पुसतोय आणि हे आतून असे वागतात. दोघांना पिशवीत घालून नेविलला परत देऊन आलो. तो म्हणाला, चांगले भाडेकरू हाकललेस, आता बस रिकामं घर चमकवत. त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. चमकवणारच आहे.

८ फेब्रुवारी
अर्धं पाणी बदललं. रंग तसाच. संशय अगरबत्तीवर. आईला सांगितलं, हॉलमध्ये धूर नको. ती म्हणाली, देव हॉलमध्ये आहेत, त्यांनाच विचार. शेवटी तडजोड झाली. अगरबत्ती बाल्कनीत, देव हॉलमध्ये.

१० फेब्रुवारी
सगळे दगड नव्या टूथब्रशने घासले. एका कोरलाची फांदी तुटली. छाटणी झाली असं धरायचं. झाडांना छाटणी मानवते. योगिनी म्हणाली, दादा, ते झाड नाही, प्राणी आहे. मग केस कापले असं धरायचं.

१२ फेब्रुवारी
लाइट फुल केली, सकाळपासून झोपेपर्यंत. उन्हाने पिकं येतात तर रंग का येणार नाही. संध्याकाळी सगळी कोरलं आक्रसून बसली. विश्रांती घेत असावीत. मी मात्र घेणार नाही.

१४ फेब्रुवारी
उत्तममामा आले. टँकमध्ये वाकून बघितलं. मग म्हणाले, काय रे, साबुदाणा भिजत घातलायस का? आई हसली. माझ्या घरात, माझ्या टँकसमोर. मामा म्हणाले, सोमवारी डबा घेऊन ये, आमच्याकडे आसपास खायला काही चांगलं मिळत नाही. आणि रविवारी मीपण येतो, बघू तुझा साहेब काय म्हणतो ते. मी म्हटलं, जरूर या.

मनात म्हटलं, येऊन बघाच.

१५ फेब्रुवारी
उपाय मिळाला. इतका सोपा की स्वतःचाच राग आला. नेविलच्या दुकानात कायम निळा उजेड असतो, आणि त्यात कोरलं कशी पेटल्यासारखी दिसतात. आमच्याकडे पांढरा. कोरलांचं काही चुकलेलं नाही, उजेडाचं चुकलंय.

मागच्या गल्लीतल्या साउंडवाल्याला गाठलं. हळदीच्या डीजेला लावतात ती निळी लाइट त्याच्याकडे आहे. तो म्हणाला, भाई, पांढरे कपडे असले चमकतात ना. मी म्हटलं, कपडे नाहीत, कोरलं आहेत. तो म्हणाला, मग माहीत नाही. आज कोपर गावात एका लग्नाची हळद आहे, लाइट उद्या दुपारी देतो. म्हणजे आधी लावून बघता येणार नाही. गरजही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८.३०
जे झालं ते क्रमाने लिहितो.

डेनिस अंकल आणि त्यांच्या मिसेस बर्नाडेट आंटी पाच वाजता आले. मामा आधीच सोफ्यावर होते, पांढरा शर्ट, काळी पँट. मी पडदे ओढले आणि निळी लाइट लावली.

मामांचा शर्ट पेटला. त्यांच्या पँटवरचा कापसाचा एकेक कण तारे उगवल्यासारखा दिसायला लागला. योगिनीची ओढणी, चहाखालचा पेपर नॅपकिन, सगळ्यांचे दात. सगळी खोली चमकत होती. टँक सोडून.

डेनिस अंकल मोठ्या मनाने हसले आणि म्हणाले, वा, पार्टी आहे की. तेव्हा दिसलं की त्यांच्या वरच्या ओळीत मधले चार दात काळे आहेत. दोन्ही बाजूंचे चमकत होते.

बर्नाडेट आंटी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, डेनिस, तू तर बोललेलास सगळे दात ओरिजिनल आहेत, एकपण बसवलेला नाही. लग्नाच्या आधीपासून बोलतोस. आणि हसायला लागल्या त्या थांबेनात. हसून हसून मामांना खिडकीचं ग्रिल धरावं लागलं. अंकलनी तोंड मिटलं.

मी ट्यूबलाइट लावली. आंटींना माझी दया आली असावी. डोळे पुसत म्हणाल्या, पण तो कोपऱ्यातला हिरवा बाकी छान आहे हां, ताजा दिसतो. योगिनी वाकून बघत म्हणाली, ती घासणी आहे, आंटी. दादा काढायला विसरला.

चहा तसाच राहिला. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. अंकलनी मान हलवली, पण शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. म्हणजे नकार दिलेला नाही. हे मी आईच्या लक्षात आणून दिलं. तिने डब्याला भाजी काय देऊ विचारलं.

१७ फेब्रुवारी
आंटींचा मेसेज. दारात टँकऐवजी जुनी होडी ठेवायचं ठरलंय. खाली हसणारा चेहरा, दात दाखवणारा.

ठीक आहे. होडीला रंग तरी कुठून येणार, बघतोच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. विठ्ठलवाडी, जेवणाची सुट्टी
हे तात्पुरतं आहे. टँक चालू आहे, सकाळी निघताना पुन्हा अर्धं पाणी बदललं. नायट्रेट शून्य. एक कोरल आता पूर्ण पांढरं झालंय, पण अतिशय स्वच्छ.

मामांनी मला पेंटच्या काउंटरला बसवलंय. आज पहिलं गिऱ्हाईक केलं. कलावतीबाई म्हणून होत्या, शाळेजवळ राहतात. हॉलला गुलाबी हवा होता. त्या म्हणाल्या, भाऊ, रंग टिकेल ना, मागच्या वेळचा वर्षात फिका पडला. मी विचारलं, भिंत पुसता का? म्हणाल्या, रोज, साबणाच्या पाण्याने, मला घाण चालत नाही. मी म्हटलं, मावशी, तिथेच चुकतंय. इतकं घासाल तर कुठलाही रंग जाईल. थोडी घाण राहू द्या.

त्यांना पटलं. मामांनी लांबून मान डोलावली. हे मला कोणी शिकवलेलं नाही, आपोआप सुचलं. या धंद्यातही माझं डोकं चालतं.

जाताना नवा टूथब्रश घ्यायचा आहे. जुना झिजला.