हातपंपावरचा डफ

पुणे, ८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
विकासचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या तेराव्याला मी कार्यक्रमासाठी लवकर निघालो, तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. तीन वर्षं झाली. बोलणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात, वाचणार नाही असं नाही, म्हणून पत्र टाकतो आहे.

काम छोटं आहे. २००८ साली आमच्या ‘भुंगा’ बँडने काढलेल्या ‘हातपंप’ अल्बमच्या सीडी अजून घरी पडून असतील. त्या सगळ्या जाळून टाका. तोवर आम्ही गिटारवर तंद्री लावणारं सायकेडेलिक वाजवत होतो, आणि त्या अल्बमात पहिल्यांदा कॉम्प्युटरचा ठेका घालून नाचाच्या संगीताकडे वळलो. धड हे नाही, धड ते नाही. वाशिमात कुणी ऐकला नाही ते बरंच झालं. आता माझं नाव झालं आहे. असला पोरखेळ बाहेर आला तर लोक हसतील.

नागपूरची मंजुषा नावाची एक बाई असले विसरलेले अल्बम शोधून पुन्हा बाजारात आणते. ती आसेगावला येईल. तिला चहा पाजा आणि वाटेला लावा. सीडी देऊ नका.

राग ओसरला नसला तरी दोन ओळी लिहा, रागाच्या चालतील.

आपला,
विकास

*

आसेगाव, १५ सप्टेंबर २०२५

चि. विकास यास रामरावाचा आशीर्वाद. रीत आहे म्हणून दिला.

पत्र पोचलं. नाव झालं म्हणतोस, अक्षर मात्र चौथीत होतं तिथेच आहे.

तुझ्या अल्बमचं उत्तम चाललं आहे. त्यातल्या शंभरेक सीडी मी नाल्याकाठच्या ज्वारीत सुतळीने टांगल्या आहेत. उन्हात चमकतात, वाऱ्यात गरगर फिरतात, आणि पाखरं कणसांवर बसत नाहीत. तुझ्या संगीताने आजवर कुणाचं भलं केलं असेल तर ते एवढंच. पीक खायला येणारे रोही मात्र त्यांना भीत नाहीत, उभे राहून बघतात. रसिक असावेत.

मी तो अल्बम कधी ऐकला नाही. तुमचं अंगणातलं सोंग मात्र सहा महिने पाहिलं. वाढलेले केस, मिटलेले डोळे, आणि एकच सूर अर्धा अर्धा तास. तांड्यावरचा तो डफवाला येऊन बसायचा तो वेगळाच. मग कॉम्प्युटर आला आणि तुमची तंद्री उडून तुम्ही उड्या मारायला लागलात. आधीचं भिकार होतं, नंतरचं भिकार आणि मोठ्याने होतं. शेजारची बेबीताई तुझ्या आईला विचारून गेली, की वहिनी, पोराले कोण्या डाक्टरले दाखवलं काय म्हणून.

आता एक सांग. जो माणूस आईच्या तेराव्याला गळ्यात हेडफोन घालून येतो आणि पंगत उठायच्या आत गाडीत बसतो, त्याला लोक हसतील याची लाज कधीपासून वाटायला लागली? ही लाज नाही, भीती आहे. कशाची ते लिही. ज्वारी निघेपर्यंत एकही सीडी खाली उतरणार नाही.

लोभ असावा असं शेवटी लिहितात. किती असावा ते खरं कारण कळल्यावर पाहू.

रामराव

*

पुणे, २३ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस सा. न. वि. वि.

टोमणे मिळतील हे धरूनच चाललो होतो. आता खरं कारण ऐका.

माझं ‘खटका’ गाणं आज वरातीवरातीत वाजतं. त्याचा ठेका ‘हातपंप’मधला आहे, आणि तो माझा नाही. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा देवानंद वाशिमला माझ्यासोबत कॉलेजात होता. आई पाणी हापसायची तेव्हा तो त्या खडखडाटावर डफ वाजवायचा. ते मी कॉम्प्युटरमध्ये भरून घेतलं. मुलाखतींत मात्र पुण्याच्या खोलीत एकट्याने बसून ठेका बनवला असं सांगत आलो. एकदा सांगितलं, मग बदलता येईना. त्याला सतरा वर्षांत एक फोन केला नाही. दरवर्षी ऊस तोडायला जातो असं ऐकतो.

पण बाबा, तुम्ही शहाजोगपणा करू नका. कव्हरवर त्याचं नाव होतं. सीडी छापायचे पैसे तुम्ही देत होतात, आणि कव्हरचा नमुना पाहून ते नाव तुम्हीच खोडलंत. आपल्या घरच्या वस्तूवर तांड्याचं नाव कायले पाह्यजे, असं आईसमोर म्हणालात. मी फक्त तुमचंच पुढे चालवलं. जाणकाराने ऐकलं तर डफ कुणाचा ते विचारणारच. म्हणून म्हणतो, जाळा. माझ्यासोबत तुमचंही झाकलेलं राहील.

लोभ आहेच, तो असाच गप्प राहू द्यावा.

विकास

*

आसेगाव, ४ ऑक्टोबर २०२५

विकास,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही. द्यायच्या लायकीचा माझ्याजवळ उरलेला नाही.

तुझं पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मंजुषाबाई आली. तुझं ऐकून तिला वाटेला लावायचं मी ठरवलं होतं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. पण मी चहा ठेवेपर्यंत ती ज्वारीत शिरून सीडी सोडवत होती. मालकाला विचारणं वगैरे काही नाही. तीन सीडी चालल्या नाहीत. चौथी ओढणीने पुसून सोबत आणलेल्या यंत्रात घातली आणि आपला हातपंप वाजू लागला, वायसर गेल्याने खडखडणारा, सतरा वर्षांपूर्वीचा. मग डफ आला. मला संगीतातलं कळत नाही, पण डफ पुढे चालतो आणि तुझं मशीन मागे फरफटत येतं एवढं कळलं.

गाणं संपता संपता हातपंप थांबतो आणि तुझी आई बोलते. ती म्हणते की देवानंद, पुरे कर आता बापा, हात सोलले तुये, इकासच्या मशीनले भूक नाही लागत, तू जेवून घे.

हे तुला ठाऊक होतं. डफ ओळखू येईल एवढंच लिहिलंस. आत आईचा आवाज आहे हे लिहायची तुझी छाती झाली नाही. तिच्या तेराव्याला थांबला नाहीस, आणि आता तिचा आवाजही मला जाळायला सांगत होतास. तुझ्यासारखा हलकट माणूस माझ्या पाहण्यात दुसरा एकच आहे. त्याने नाव कव्हरवरून खोडलं, आणि तेच नाव आत बायकोच्या तोंडी असताना सीडी पाखरं हाकायला टांगल्या. तिची आठवण इतकी येते, आणि ती माझ्याच शेतात होती.

मंजुषाबाईला घेऊन मी तांड्यावर गेलो. देवानंद ऊसतोडीला न्यायचं सामान बांधत होता. ठेका लागला तेव्हा तो हातातली दोरी आवळतच राहिला. तुझ्या आईचा आवाज आला तसा उठून उभा राहिला. त्याच्या पोरीने, अंजूने, विचारलं की बापाले जेव म्हणते ते बाई कोण. तो म्हणाला की त्या काकू मले घरच्या ताटात वाढत, तुमी शेतातून यायच्या आंधी. म्हणाला माझ्याकडे बघून, पण रागाने नाही. राग केला असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्याच्या बायकोने मला ताट वाढलं. मी जेवलो, मान वर न करता.

अल्बम पुन्हा निघणार आहे. त्यावर पहिलं नाव देवानंदचं. ते आधी कुणी खोडलं होतं हेही मी सहीनिशी लिहून दिलं आहे. ठेक्याबद्दल तू काय सांगत आलास ते तुझं तू निस्तर.

देवानंदची टोळी अठरा तारखेला निघते. त्याआधी तांड्यावर जा. तिथे न जाता सरळ इकडे आलास तर मी दार उघडणार नाही. त्याला सोबत घेऊन येणार असलास तर वेळ कळव. त्या वेळी मी शेतात जाणार नाही.

रामराव