काश्यप गोत्राचा कोळी

आई,

आज कॉलेजात देशोदेशीच्या कथा-कादंबऱ्यांचा तास घेऊन आले आणि आता नाशिकच्या घरात चहा घेत निवांत बसले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमचा मुलगा नेहमीसारखा पेपर तोंडावर घेऊन बाहेरच्या खोलीत झोपलाय, आणि तरी म्हणेल की वाचत होतो. आमचं छान चाललंय. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यापेक्षा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

त्र्यंबकच्या घरी सून म्हणून आले आणि वर्षाच्या आत मी एम.ए.ला नाव घातलं. सकाळी एसटीने नाशिक, दुपारी परत. मी यायचे तेव्हा बाबांकडे श्राद्धाला आलेल्या यजमानांचा स्वयंपाक तुम्ही सोवळ्यात करत असायचात. एसटीतून आलेल्या सुनेने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आणि लायब्ररीच्या पुस्तकाला तर तुम्ही लांबूनच हात जोडायचात. "कुणाकुणाचे हात लागलेत त्याला!" पण एक दिवस उंबऱ्याबाहेर पाट टाकलात आणि म्हणालात, "शिवू नकोस, पण वाच. कानाला कसलं आलंय सोवळं?" मग मी इंग्रजी वाचत वाचत मराठीत सांगायचे. आफ्रिकेतल्या सवती, जपानमधला एकटा म्हातारा, सगळे त्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेले. गोष्टीत मासे शिजायला लागले की मी अडखळायचे. तुम्ही खीर ढवळत म्हणायचात, "खाऊ देत गं. सोवळ्यात मी आहे, त्या थोड्याच आहेत?" अख्ख्या वर्गात इतका मोकळा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मग ती कोळ्याची कादंबरी आली. कुठलंसं थंड बेट, होडी घेऊन गेलेला नवरा परतत नाही, बायको रोज किनाऱ्यावर जाऊन उभी राहते. सगळ्या वर्गात मिळून एकच प्रत, नंबर लावून घरी न्यायची. तुमचा जीव त्या बाईत अडकला आणि नेमका पितृपक्ष लागला. घरात पंगतींवर पंगती. बाबा मला म्हणाले, "हे पंधरा दिवस घरात हात हवेत. आणि खरं सांगू का, कॉलेज यंदा राहू दे. पुढचं पुढे बघू." पुढचं पुढे म्हणजे कधीच नाही, एवढं मला कळत होतं. त्याच पंधरवड्यात चाचणी होती, ती बुडली की वर्ष गेलं. माझे डोळे वाहायला लागले.

तुम्ही वडे थापताय. मान वर न करता म्हणताय, "ती जाईल."

"आणि वाढणार कोण?"

"मी. तो होडीवाला सापडला की नाही, ते मला कळायला हवं. ही गेली नाही तर कोण सांगणार, तुम्ही?"

मी गेले. ते पंधरा दिवस तुम्ही एकटीने कसे ओढलेत, ते तुमचे सुजलेले पाय बघून मला समजत होतं. मी तेल लावायला बसले की तुम्ही पाय आखडून घ्यायचात आणि म्हणायचात, "आधी वाच."

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी ते पान आलं. होडी मिळाली, माणूस नाही. तुमच्या हातातला झारा तसाच थांबला. "मूलबाळ?" नाही. "भाऊ तरी?" तोही नाही. तुम्ही पदराने डोळे पुसलेत आणि पुढचं वाचू दिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबा पिंड मांडत होते. ज्याला मागे कुणी नाही त्याच्यासाठी धर्मपिंड ठेवतात, त्याच्याकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "हा त्या कोळ्याला द्या."

"अगं, तो पुस्तकातला माणूस आहे!"

"मग? बुडाला ना?"

"गोत्र काय सांगू त्याचं?"

"गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं. यजमानांना रोज तुम्हीच तर सांगता."

बाबा पुटपुटले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्यांनी पिंड दिला. मी उंबऱ्याबाहेर तोंडावर पदर धरून उभी. आधी हसू आवरत होते, मग हसू कुठल्या कुठे गेलं.

संध्याकाळी झोपाळ्यावरून बाबांचा आवाज आला, "सूनबाई, त्या बाईचं पुढे काय झालं?" त्या दिवसानंतर कॉलेज सोडण्याचा विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही.

हा कागद पाठवणार कुठे! चहा संपला की ठेवून देईन कपाटात. तेवढ्यात एक कबूल करते. पहिल्याच तासाला मी मुलांना फळ्यावर लिहून देते की कथा-कादंबरीतली माणसं काल्पनिक असतात. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, मी मार्क देते. मला स्वतःला मात्र ते आजवर एकदाही पटलेलं नाही.