पाचवी गादी

३ एप्रिल, रविवार

नाही म्हणजे नाही! तळ्याकाठचं घर बाद. धाकट्या जावेनं फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "वहिनी, बघा ना, काय देखणं आहे!" देखणं आहेच, कोण नाही म्हणतंय? पण व्हरांड्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. आणि आमचा छोटू सहा वर्षांचा झाला तरी दार उघडं दिसलं की चालू लागतो. पुढे रस्ता आहे का पाणी, त्याच्या गावीही नसतं.

टेकडीवरचं घर बाद — जिन्याला कठडाच नाही. बाजाराजवळचं हॉटेल बाद — दोन खोल्या दोन वेगळ्या मजल्यांवर, आणि भिंती अशा की शेजारचा शिंकला तर आपण रुमाल शोधावा. छोटू नव्या जागी झोपेतून किंचाळत उठतो, तेव्हा अख्खी इमारत उठते. मागच्या सुट्टीत मॅनेजर दारात येऊन उभा राहिला होता. "बाकीच्या पाहुण्यांचाही विचार करा, मॅडम." सकाळी सामान बांधलं आणि घरी. पोरांचे पोहायचे कपडे कोरडेच परत आले.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. दोन्ही घरं मिळून जायचं — माझी तीन, धाकटीच्या दोघी जुळ्या, आणि आम्ही चार मोठी. घर शोधायचं धाकटीनं अंगावर घेतलंय. "तुमच्या अटी सांगा वहिनी, बाकी मी बघते." सांगितल्या. हसायलाच लागली. "तुम्हाला घर हवंय का तुरुंग?"

तुरुंग चालेल म्हटलं. फक्त दाराची कडी वर असू दे.

५ एप्रिल, मंगळवार

आज तीन घरं पाहिली, तिन्ही फोटोतच नापास. नवरा म्हणतो, "तू अशी नावं ठेवत बसलीस तर सुट्टी संपून जाईल." ह्याचं काय जातंय! हा घोरत पडणार, उठणार मी.

८ एप्रिल, शुक्रवार

सापडलं! बैठं घर, जिना नाही, पाणी नाही. मागे भिंतीआड मोठं आवार, झोपाळा, फाटकाला कुलूप. शेजार लांब. मालकीणबाई रस्त्यापलीकडे राहतात, म्हणजे हाकेच्या अंतरावर पण डोक्यावर नाहीत. आणि सगळ्यात शेवटी एक खोली अगदी एकीकडे — ती माझी आणि छोटूची! ओरडला तरी बाकीच्यांची झोप मोडणार नाही.

धाकटीला म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो. ती म्हणाली, "मालकीणबाईंशी मी सगळं बोलून घेते. तुम्ही आता डोक्याला ताप करून घेऊ नका." किती वर्षांनी कुणी मला असं म्हणालं! सख्खी बहीण असती तरी एवढं केलं नसतं. खरंच.

थोरलीला फोटो दाखवले. तेरावं लागल्यापासून बाईसाहेबांना कशाचंच कौतुक नाही. "छान आहे," म्हणाली. मग, "तुझी खोली कुठली, आई?" शेवटची म्हटलं. फोन माझ्या हातात दिला आणि गेली. मधला, बटाट्या, तो मात्र पलंगावर उड्या मारून आला. झोपाळ्यावर पहिला नंबर त्याचा म्हणे.

११ एप्रिल, सोमवार

सरळ लिहून टाकते.

दुपारी चष्म्याच्या दुकानात कामावर होते, गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं मालकीणबाईंना फोन करून कडी किती उंचावर आहे ते विचारावं. बाई गोड बोलल्या. "वर दुसरी कडी लावून देते की ताई, त्यात काय! पण एवढं लहान मूल नाहीये ना तुमच्यात? तुमच्या जाऊबाईंनी चार मुलं सांगितली, सगळी कळती. मी चार गाद्या काढून उन्हात टाकल्यात."

पाच, म्हटलं. पाच मुलं.

"नाही हो, चारच. मी परत विचारून घेतलं. तुमची दोन आणि त्यांच्या दोघी."

माझी दोन!

काय बोलून फोन ठेवला, आठवत नाही. त्यानंतर एका आजोबांच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली. बिचारे चष्मा लावून दारापर्यंत गेले आणि चौकट धरून उभे राहिले. "बाई, जमीन वर आली," म्हणाले. दुकानाच्या मालकांनी उठून त्यांना खुर्चीत बसवलं. माझ्याकडे एकदा बघितलं.

चुकून झालं असेल. धाकटी घाईत बोलली असेल, जुळ्या मागे भुणभुणत असतील. उद्या विचारते. चुकूनच झालं असेल.

१२ एप्रिल, मंगळवार

चुकून कसलं!

दुकानातून परस्पर धाकटीकडे गेले. ती इस्त्री करत होती. मी विचारलं, मुलं किती सांगितलीस? तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "वहिनी, छोटूची आत्या चार दिवस तुमच्या घरी येऊन राहील. त्याची गादी तीच, त्याची खोली तीच. नव्या जागेचा त्याला त्रासच होतो ना? असं ठरलंय."

ठरलंय! कुणी ठरवलं?

"मी."

वर बघितलं नाही तिनं. एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली.

नणंदबाईंना माहीत. दिरांना माहीत. "आणि ह्याला?" विचारलं. तिनं नुसती मान हलवली. म्हणजे माझ्या नवऱ्यालाही माहीत! सगळ्या जगाला माहीत, आणि मी एकटी खुळ्यासारखी कडी, कुंपण, कुलूप करत बसले. आणि ही समोर बसून मान डोलवत होती! कुणासाठी शोधत होतो ते घर आम्ही? चार कळत्या पोरांना कुलूप कशाला लागतं?

मला कधी सांगणार होतीस? तर म्हणे, "निघायच्या आदल्या दिवशी. आधी सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मॅनेजर परका होता, तो दारात येऊन तोंडावर बोलला तरी. हिनं गोड हसून माझ्या पोराला गाळलं.

घरी आल्यावर नवऱ्याला धरलं. हा म्हणतो, "मी योग्य वेळी सांगणार होतो." योग्य वेळ! गाडी सुरू झाल्यावर सांगणार होतास का? "अगं, तुला चार दिवस झोप मिळेल, एवढाच विचार होता." माझ्या झोपेसाठी माझं पोर वजा केलंत? कुणी मागितली होती झोप?

तो उठून पाण्याची बाटली भरायला गेला. अंगाशी आलं की उठून जायचं, ही ह्यांची घराण्याची रीत.

१३ एप्रिल, बुधवार

बोलणं बंद. घरात मी फक्त छोटूशी बोलते, आणि त्याला शब्द येतात मोजके. पण निदान खोटं बोलत नाही माझा राजा.

१५ एप्रिल, शुक्रवार

एवढ्या माणसांत माझं एकच माणूस आहे — थोरली.

दोन दिवस न सांगता सगळं करतेय. बटाट्याचा डबा भरला, कपडे वाळत घातले. संध्याकाळी चहा करून माझ्यापुढे ठेवला. चहा कसला, गरम पाणीच, पण मला रडू फुटलं. तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या काकूनं बघ काय केलं. तुझ्या भावाला नको म्हणाली. आपल्या छोटूला सामानासारखं मागे टाकून निघणार होते सगळे.

पोरीनं हंबरडाच फोडला! मला धरून इतकी रडली की छोटू कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जाऊन बसला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. रडू नको गं, तुझ्या भावाला कुणी टाकणार नाही, मी आहे ना. किती जीव आहे हिचा त्याच्यावर! बोलून दाखवत नाही, एवढंच.

मग सांगितलं, आजपासून काकूशी एक अक्षर बोलायचं नाही. मान हलवली. जाता जाता म्हणते, "आई, काकूवर नको ना रागावू." बघा! तेरा वर्षांच्या पोरीला जेवढं मोठं मन आहे तेवढं त्या बाईला नाही.

१६ एप्रिल, शनिवार

सासूबाईंनी दोघींना बोलावून घेतलं. "समोरासमोर बसा आणि काय ते मिटवा." दोघींचे नवरे भिंतीकडच्या खुर्च्यांवर, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.

मी मिटवायला गेलेच नव्हते. जे आठवडाभर पोटात साठलं होतं ते सगळं ओकले. म्हटलं, तुला दोन बाहुल्या मिळाल्यात, आयत्या शहाण्या. छोटू तुझ्या पोटी आला असता म्हणजे कळलं असतं तुला. नाही — तुझ्या पोटी नाही आला तेच बरं झालं, तू पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी पदरात टाकून मोकळी झाली असतीस!

दीर ताडकन उठले. धाकटीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. म्हणाली, "वहिनींचं बरोबर आहे. माझंच चुकलं." बस्स, एवढंच. एक शब्द नाही स्वतःच्या बाजूनं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिचंही ऐकून घे जरा, उगीच करणारी पोर नाही ती." ऐकायला आहे काय? चोर कबूल झाल्यावर आणखी काय ऐकायचं!

घरी येऊन मात्र बरं वाटत नाहीये. जिंकल्यावर असं का वाटावं?

इथे खरं लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. "चार दिवस झोप" असं नवरा म्हणाला ना, तेव्हा एक क्षण — एकच — मला ती झोप दिसली. पांढरी चादर, बंद दार, आणि पलीकडे कुणीच नाही. तोंडाला पाणी सुटावं तशी हवीशी वाटली. मग स्वतःचीच इतकी शिसारी आली की त्याच्यावर दुप्पट ओरडले.

धाकटीला हे कळलं होतं की काय? म्हणून जास्त राग येतो तिचा.

१८ एप्रिल, सोमवार

मालकीणबाईंना फोन करून घर नको म्हणून सांगितलं. बाई हळहळल्या. "अहो पाच तर पाच! आणखी एक गादी घालते की! लहान मूल ओरडतं, त्यात काय मोठंसं?" परकी बाई! तिला सुचलं, आमच्या माणसांना नाही सुचलं. तरी नकोच म्हटलं. आता त्या घरात मला पाऊल टाकायचं नाही.

जेवताना जाहीर केलं, कुणीही कुठेही जाणार नाही. बटाट्यानं थयथयाट केला, पिशवीला लाथ मारली, "दर वेळी असंच!" म्हणाला. एक धपाटा दिला. थोरली अर्ध्या ताटावरून उठली आणि खोलीचं दार लावून घेतलं. तिला समजतं सगळं.

धाकटीचा नंबर फोनमधून काढून टाकला. संपलं. लग्नात भेटलो तर भेटलो, नाहीतर तेही नको.

१९ एप्रिल, मंगळवार

धाकटीनं नाही. थोरलीनं.

सकाळी तिचं आणि बटाट्याचं भांडण पेटलं, आणि तो घरभर ऐकू जाईल असा ओरडला, "तुझ्यामुळे सगळं बुडालं! तूच काकूला सांगितलंस, छोटूला नका नेऊ म्हणून! आणि मला नि तिला शपथ घातलीस, आईला कळू द्यायचं नाही!" धाकटीनं ती शपथ पाळली. माझं सगळं ओकणं अंगावर घेऊन पाळली.

मी दुकानात गेले नाही. छोटू रडला तर भुकेनं का भीतीनं, मला दुसऱ्या खोलीतून कळतं. ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मला वाटलं भावासाठी रडतेय.

का गं, विचारलं. भिंतीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "छोटू नको असं नव्हते म्हणत मी. चार दिवस मला आई हवी, एवढंच म्हटलं काकूला."