आलेखातला उंचवटा

४ फेब्रुवारी

चि. भुंग्या,
अ. आ.

अखेर जमलं रे! विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य आणि न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाचं चिमूटभर वस्तुमान, दोन्ही कोडी माझ्या एकाच जड कणाने सुटतात. हा कण सावकाश फुटतो आणि त्याची खूण म्हणून वैश्विक किरणांच्या आलेखात उंचवटा यायला हवा. हे किरण टिपणाऱ्या तुमच्या डिटेक्टरला तो नेमका कुठल्या ऊर्जेपाशी दिसला, हे तू दिवाळीच्या सुट्टीत भांडी पुसता पुसता हळूच सांगितलंस. सगळं गणित मी त्यावरच बेतलंय.

कायमच्या जागेसाठी माझं व्याख्यान पुढच्या महिन्यात आहे. हंगामी नेमणुकांवर जन्म गेला, आता ही शेवटची संधी. आई आतापासूनच गावभर सांगत सुटली आहे! तू यायचंच. फक्त ते भोक पडलेलं स्वेटर नको, माझी अब्रू जाईल.

तुझी वाट पाहणारी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र वाचून ऊर भरून आला. इकडे कामाचा नुसता रगाडा आहे, मान वर करायला फुरसत नाही. व्याख्यान झकास होईल, तू बिनधास्त बोल. आमच्या गटप्रमुखांबरोबर मीही येतोय. स्वेटर नवं घेतलंय. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
भुंग्या

१० मार्च

चि. भावास,
आशीर्वाद.

व्याख्यान संपताच तुझे गटप्रमुख उठले आणि भर सभागृहात म्हणाले की उंचवटा खोटा होता, डिटेक्टरचा एक भाग तापून चुकीची नोंद करत होता आणि ही चूक जानेवारीतच तू पकडलीस. तुझी पाठही थोपटली त्यांनी. तू बुटांकडे बघत होतास.

जानेवारीत! म्हणजे मला ‘बिनधास्त बोल’ असं लिहिताना तुला सगळं ठाऊक होतं. जिन्यात गाठलं तर म्हणालास, गटाचा नियम आहे, जाहीर होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. वा रे वा! उंचवटा दिसला तेव्हा कुठे गेला होता नियम? आणि बहिणीचा गळा कापला जाताना तोंडाला कुलूप? अरे, नुसतं थांब म्हणाला असतास तरी थांबले असते मी. कारणही विचारलं नसतं.

निवड समितीने विचारलं, अजून न छापलेला आकडा तुम्हाला कोणी दिला? तुझं नाव घेतलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. मी गप्प बसले. जागा दुसऱ्याला मिळाली.

जागेचं दुःख ओसरेल. पण काल तुझा निरोप आला, जेवलीस का म्हणून. आणि मी ताट पुढ्यात घेऊन विचार करत बसले, की हे विचारण्यामागे याचा काय हेतू असेल.

लोभाचं तूर्त काही लिहीत नाही.
ताई