काडीचेही लाकूड नाही

१४ जून १९३५, सकाळी सात
नवी वही. ही फक्त माझ्यासाठी. मोठ्या माणसांच्या वह्या मागाहून लोकांना सापडतात, तो लोकांचा प्रश्न.

काल सभा झाली. बेळगावच्या खासबागेत आमचं वाचनालय उभं राहायचं ठरलं. बांधकाम कमिटीचा सेक्रेटरी मी. हायस्कुलात बावीस वर्षं ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसाची किंमत गावाला उशिरा का होईना कळली. (नाव मीच सुचवलं होतं, पण कोणी विरोध केला नाही, हे महत्त्वाचं.)

देणगी निपाणीच्या यशोदाबाईंची. पाच वर्षांमागं शेजारची तंबाखूची वखार पेटली आणि यांचं घर गेलं. यजमान मारुतीराव वकील पुस्तकवेडे. माडीभर पुस्तकं जळाली, त्या धसक्यानं वर्षभरात तेही गेले. उरली एक पत्र्याची ट्रंक आणि तीत एकेचाळीस पुस्तकं. कडा जळालेल्या, मधली पानं शाबूत. ओळींच्या मधे वकिलांचं बारीक अक्षर. ती पुस्तकं आमच्याकडे राहणार. बाईंची अट एकच. इमारतीत काडीचंही लाकूड नको.

मी उभा राहून वचन दिलं. टाळ्या पडल्या. दर्शनी शिळेवर बाईंच्या नावाखाली माझं नाव कोरायचं ठरलं. हेही मीच सुचवलं.

१६ जून
नकाशा पूर्ण. दगडी भिंती, लोखंडी तुळया, वर फरशी, लोखंडी दारं, लोखंडी रॅक. मधे एक विटांची आडभिंत, अलीकडे वाचक, पलीकडे पुस्तकं. आडभिंतीत काचेचा मोठा कोनाडा, त्यात ती एकेचाळीस पुस्तकं. माझ्या कल्पनेचा कळस म्हणजे तो कोनाडा. सुनंदेला नकाशा दाखवला. म्हणाली, हे बदक कसलं? कमान होती ती.

निश्चय: रोज सकाळी साइटवर जाणे. गड्यांशी कमी बोलणे. उद्घाटन दसऱ्याला, ग्रंथपूजनाच्या मुहूर्तावर. तारीख यशोदाबाईंना कळवून टाकली. माणसानं दोर कापले पाहिजेत.

३० ऑगस्ट
पंचाहत्तर दिवस वही लिहिली नाही. कामाचा व्याप.

दगडी भिंती झाल्या. तुळया चढल्या, फरशी पडली. या सगळ्यावर माझी देखरेख होती. (पावसामुळे चारदा गेलो.)

११ सप्टेंबर, दुपारी
विश्वासघात क्रमांक एक: यल्लाप्पा वीटभट्टीवाला. आडभिंतीच्या विटा मागायला गेलो, तर म्हणतो, मास्तर, पावसाळ्यात भट्टी पेटत न्हाय, दिवाळी झाल्यावर या. मी म्हटलं, हे आधी सांगायचं. तर म्हणतो, हे बेळगावात शेंबड्या पोरास्नीबी ठावं हाय, तुम्हांस्नी काय सांगायचं? उद्धट माणूस. उरलेल्या विटा होत्या, त्या मेमध्येच दुसऱ्यानं नेल्या.

दसऱ्याला सव्वीस दिवस. तारीख पुढं ढकलावी, असं सुनंदेचं मत. बायकांना तत्त्वाचं मोल नसतं. वचन म्हणजे वचन.

१२ सप्टेंबर
तोडगा सापडला. सांगाड्याची आडभिंत. आत उभे-आडवे वासे, वर बांबूच्या कामट्या, दोन्ही अंगांनी चुन्याचा जाड गिलावा. बाहेरून दगडासारखी दिसेल. रवळू सुताराला नकाशा दाखवला. रवळू जांबोटीकडचा, कामाला चोख, तोंडानं फाटका. बराच वेळ बघून म्हणाला, मास्तर, हा आमच्या गोठ्याचा कूड हाय की. मी म्हटलं, हे पार्टिशन आहे. म्हणाला, व्हय, आमच्या म्हशी पार्टिशनातच बसत्यात.

मग त्यानं विचारलं, पर बाई लाकूड नको म्हणाल्या न्हवं?

यावर मी रात्रभर विचार केला होताच. भिंतीच्या आत गेलेलं लाकूड हे लाकूड राहत नाही. ती भिंत होते. माणसाच्या पोटात हाडं असतात म्हणून त्याला कोणी सांगाडा म्हणत नाही. रवळूला हे पटलं नाही. त्याचं शिक्षण दुसरीपर्यंत.

बाईंना कळवायचं का? विचार केला. वय झालेल्या बाईंना तांत्रिक तपशिलांनी त्रास देऊ नये.

१५ सप्टेंबर
माझा मेव्हणा गोपाळ, सुनंदेचा भाऊ, यानं आपल्या शेतातलं लाकूड फुकट द्यायचं कबूल केलं. रक्ताची माणसं ती रक्ताची. यल्लाप्पासारख्यांनी शिकावं.

आजपासून बाहेरच्या कोणावर विश्वास ठेवायचा नाही.

१९ सप्टेंबर
गोपाळनं आंब्याचं लाकूड पाठवलं. विश्वासघात म्हणणार नाही, पण सागवान म्हणाला होता असं मला आठवतं. रवळू नखानं खरवडून म्हणाला, मास्तर, हे वर्सभरात वाळवीचं जेवान हुतंय. त्यापेक्षा मी गावास्नं सागवान आनतो, चार दिस द्या. मी म्हटलं, चार दिवस नाहीत. म्हणाला, मग निदान तंबाखूचं पानी मारू, निपानीची तंबाखू उकळून. वाळवी वास बी घेत न्हाय.

मी चकित झालो. ज्या बाईंचं घर तंबाखूच्या वखारीनं जाळलं, त्यांच्या वास्तूला तंबाखू? या लोकांना हळवेपणा कसा तो नाही.

शिवाय मुद्दा वाळवीचा नाहीच. मुद्दा आगीचा आहे. त्यासाठी माझा स्वतंत्र शोध तयार आहे. तुरटीच्या पाण्यात लाकूड भिजवलं की ते पेटत नाही. हे मी कुठंतरी वाचलंय. तुरटी लाकडाला धरून राहावी म्हणून मी त्यात माझी भर घातली: चुना आणि गूळ. चुन्याच्या कामात गूळ घालायची आपली जुनी रीत आहेच. मी फक्त सढळ हात ठेवला. हुकेरी बाजारातली गुळाची एक अख्खी ढेप.

२१ सप्टेंबर, सकाळी
प्रयोग यशस्वी. मिश्रणातला एक तुकडा सुनंदेच्या चुलीत घातला. दहा मिनिटं पेटला नाही. नुसता धूर. सुनंदा डोळे पुसत म्हणाली, अहो, ओलं आहे ते, ओलं लाकूड कुठलंही पेटत नाही. तिला म्हटलं, शास्त्रात निरीक्षणाला किंमत असते, मताला नाही.

विश्वासघात क्रमांक दोन लिहिणार होतो, पण घरचंच माणूस. नुसता मनात मोजला.

२८ सप्टेंबर
सांगाडा उभा राहिला. कोनाड्याभोवतीची चौकट मी स्वतः रेखाटलेली, सुबक. रवळूनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. चौकट उभी करताना घरधन्याचं नाव घ्यायची त्यांची रीत. विचारलं, नाव कुनाचं घेऊ? बाईंचं घ्यावं, तर लाकडाला त्यांचं नाव. जरा अडचणीचंच. म्हटलं, माझं घे. त्यानं घेतलं. ऐकायला बरं वाटलं.

मग वाटलं, एवढं सुंदर काम उद्या गिलाव्याआड जाणार, कायमचं. कलावंतानं सही न करता चित्र सोडू नये. लाल तैलरंग आणवला. कोनाड्याच्या वरच्या आडव्या वाशावर, देवनागरी, दोन इंची, टोकदार: रेखांकन व कल्पना, उपेंद्र मास्तर, २८ सप्टेंबर १९३५. रंगाचे तीन हात दिले. रवळू म्हणाला, मास्तर, चोरीच्या घरात आपली टोपी इसरून जाऊ नये मानसानं. काय म्हणायचं होतं कोण जाणे. या माणसाला पुन्हा काम नाही.

७ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळी
उद्घाटन थाटात. शिळा काळ्या दगडाची, अक्षरं मी आखून दिलेली. वर यशोदाबाईंचं नाव. खाली: या वास्तूत काडीचेही लाकूड नाही. त्याखाली: संकल्पक व स्थापत्यकार, उपेंद्र मास्तर.

बाईंनी आडभिंतीवरून हात फिरवला. म्हणाल्या, दगडाची का हो मास्तर? मी म्हटलं, आतून भक्कम आहे. हे खोटं नव्हे.

एकच मतभेद. बाई म्हणत होत्या, पुस्तकं ट्रंकेतच राहू देत, पत्रा आगीतून वाचलाय, त्याच्यावर माझा जीव आहे. मी समजावलं, पुस्तकं दिसली पाहिजेत, ट्रंक कोण बघणार? मुलांना समजावतो तसं, गोड बोलून. शेवटी म्हणाल्या, तुमच्यावर विश्वास टाकते. एकेचाळीसही पुस्तकं त्यांनी आपल्या हातानं कोनाड्यात लावली. प्रत्येक एकदा उघडून, मधलं अक्षर बघून, मग ठेवत होत्या. तास गेला. माझं भाषण त्यामुळे आटोपतं घ्यावं लागलं.

ट्रंक रिकामी परत घेऊन गेल्या.

२ जानेवारी १९३६
नवीन वर्षाचे निश्चय: (१) वही रोज लिहिणे. (२) वाचनालयात आठवड्याला एक फेरी. (३) कमी बोलणे.

१८ जून
पाऊस लागला. वाचनालयात गेलो. (जानेवारीनंतर पहिल्यांदा. शाळेचं काम.) आडभिंतीवर एक मातकट रेघ दिसली, कोनाड्यापासून वर, नदीच्या नकाशासारखी. कोणा पोरानं चिखलाचं बोट ओढलं असणार. ओल्या फडक्यानं पुसली.

२१ जून
रेघ परत. आता तीन. पोरांना वळण राहिलेलं नाही.

२६ जून, दुपारी चार
यशोदाबाई आल्या. न कळवता. दर आषाढात मारुतीरावांच्या तिथीला एक पुस्तक काढून बसतात म्हणे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विश्वासघात क्रमांक तीन: ग्रंथपाल. किल्ली त्यानंच दिली.

रेघांसमोर उभ्या राहिल्या. एक रेघ काठीच्या टोकानं खरवडली. आतून पांढरे किडे सांडले. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, मास्तर, दगडाला वाळवी लागते का?

मी म्हटलं, हवामान दमट आहे. म्हटलं, अलीकडचा चुना पूर्वीसारखा राहिला नाही. म्हटलं, कंत्राटदारानं माझ्या नकळत आत काही घातलं असेल तर चौकशी करतो. हे शेवटचं बोललो नसतो तर बरं झालं असतं.

कोनाडा उघडला. पुस्तकं बाहेरून जशीच्या तशी. बाईंनी एक उचललं. ते फार हलकं होतं. उघडलं, तर पुठ्ठ्यांच्या मधे माती.

२७ जून
कमिटीनं गिलावा फोडायला रवळूला बोलावलं. मला विचारलं नाही. विश्वासघात क्रमांक चार.

रवळूला हातोडा घालायचीही गरज पडली नाही. ठोसा मारला आणि भिंत बसली, गव्हाचं पोतं बसावं तशी. आत वासे नव्हतेच. वाशांच्या आकाराची माती होती. सगळं खाल्लं होतं. उभे, आडवे, बांबूच्या कामट्यासुद्धा. एकच तुकडा राहिला होता, हातभर लांब. तैलरंगाला वाळवी लागत नाही, असं रवळू म्हणतो.

तो तुकडा त्यानं पुसून टेबलावर ठेवला. कमिटीचे सातही जण वाकून वाचत होते. रेखांकन व कल्पना. अक्षरं टोकदार होती, हे कोणी बोललं नाही. एकानं रवळूला विचारलं, हे असं होणार ते तुला कधी कळलं? म्हणाला, मास्तरांनी मला गुळाच्या पान्यात वासं बुडवाय लावलं तवाच. मी म्हनलो तंबाखू, त्यास्नी ग्वाड पायजे हुतं.

क्रमांक पाच. माझ्याच नावानं नारळ फोडलेला माणूस.

३० जून
गोपाळला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं. लिहितो, फुकटच्या लाकडाचे दात बघू नयेत, आणि हो, आक्का म्हणाली होती की तुम्हांला सांगू नकोस आंबा आहे, सागवान म्हण, नाहीतर तुम्ही ऐकणार नाही. म्हणजे सुनंदा. तिला विचारलं, तर म्हणाली, मला वाटलं लाकूडच मिळालं नाही तर तारीख पुढं जाईल. ते जमलं नाही, तेव्हा म्हटलं, आलेलं आंब्याचं लाकूड बघून तरी तुम्ही काम थांबवाल. मग वरण वाढायला गेली.

क्रमांक लिहीत नाही. मोजायचं सोडलं.

१ जुलै
यशोदाबाई गावातच उतरल्यात, रोज दुपारी वाचनालयात येतात. ट्रंक परत आणलीय. जमिनीवर बसून मातीतून कागदाचे तुकडे वेचतात, वकिलांचं अक्षर असेल तर बाजूला काढतात. आज गेलो. माफी मागायची असा निश्चय होता. शेवटी चुन्याच्या भेसळीविषयी बोललो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग हातातलं पुस्तक माझ्यासमोर धरलं, कडा आणि पुठ्ठा, मधे भोक. म्हणाल्या, आगीनं कडा नेल्या, मास्तर, मधलं ठेवलं होतं. तुमच्या भिंतीनं मधलं नेलं.

खळीची वाटी माझ्याकडे सरकवली. मी तासभर तुकडे चिकटवले. बहुतेक उलटे.

५ जुलै
कमिटीची सभा. शिळा काढून टाकावी असा ठराव आला. मला मनातून बरं वाटलं. मीच अनुमोदन देणार होतो. पण यशोदाबाई उठल्या. म्हणाल्या, राहू द्या. लिहिलं तेव्हा खोटं होतं, आता खरं आहे. काडीचंही उरलेलं नाही. मास्तरांचं नावही राहू द्या, हे त्यांचंच काम आहे.

ठराव नामंजूर. एकमतानं. हात मीही वर केला होता, सगळे करत होते म्हणून.

ट्रंक त्या निपाणीला घेऊन गेल्या. आत काय होतं विचारलं नाही. एका माणसानं उचलली, एका हातानं.

१३ जुलै
यल्लाप्पानं विटांचं नमुन्याचं गाडं आणून टाकलंय, दिवाळीनंतर खरी आडभिंत होणार. सेक्रेटरी दुसरा नेमलाय.

शाळेला आता फुलबाग गल्लीनं वळसा घालून जातो. पाव मैल लांब पडतं. आज पाऊस जोराचा म्हणून जवळच्या वाटेनं गेलो. शिळेपाशी चौथीतली दोन पोरं थांबून मोठ्यानं वाचत होती, जोडाक्षरं चुकवत. मला बघून नमस्कार सर म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

छत्रीआडून जवळ जाऊन शिळा नीट न्याहाळली. कुठं मातकट रेघ दिसते का. नाही. दगडाला वाळवी लागत नाही, हे बाईंचं बरोबर होतं.