चिठ्ठीत निघालेली बाजू

पार्सिपनी, न्यू जर्सी
रविवार, १५ मे १९८८

तीर्थस्वरूप प्रल्हादमामांस,

पुरुषोत्तमचा साष्टांग नमस्कार. एरवी साष्टांग लिहितो ते खुर्चीत बसून. या वेळी खरंच जमिनीवर आहे. बेसमेंटमध्ये कपडे धुण्याच्या मशिनशेजारी चटई टाकून बसलोय, कारण वरच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं भली मोठी काच आहे आणि सध्या मला काचेसमोर बसवत नाही. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचं ब्लडप्रेशर? माझं विचारू नका. सुलभा आणि दीपा मजेत आहेत. (त्यांना मजेत राहायला काय झालंय? येत्या शुक्रवारी तीनशे माणसांपुढे त्यांना थोडंच बोलायचंय?)

पहिल्यापासून सांगतो. यंदा इथं अध्यक्षाची निवडणूक आहे आणि त्यात एक उमेदवार आहे. नाव लिहीत नाही. परदेशी जाणारी पत्रं फोडून वाचतात असं आमच्या मराठी मंडळातला राजीव म्हणतो, आणि राजीव कॉम्प्युटरमध्ये आहे. हा उमेदवार स्वतः काळा आहे आणि म्हणतो की काळे, गोरे, स्पॅनिश बोलणारे, कालपरवा आलेले, ज्यांच्या ज्यांच्या हाताला घट्टे आहेत त्या सगळ्यांनी एक व्हावं. आता हे ऐकायला बरं वाटतं, पण मामा, ऐकून घरी यावं, एवढी अक्कल माझ्याकडे होती. घात केला तो मंडळाच्या पाडव्यानं. (हॉल एप्रिलच्या शेवटी मिळाला, म्हणून पाडवाही एप्रिलच्या शेवटी.) सेक्रेटरी सरलाताईंनी वादविवाद ठेवला: हा उमेदवार कष्टकऱ्यांचा खरा वाली आहे की नाही? मुलांना कळावं म्हणून इंग्रजीत. बाजू ठरवायची रीत मात्र आपलीच. स्टीलच्या वाटीत दोन चिठ्ठ्या, एकानं एक उचलायची, दुसऱ्याला उरलेली बाजू. मी उचलली, ‘बाजूनं’ म्हणून जाहीर केलं, राजीव आपोआप विरुद्ध. दुसरी चिठ्ठी कोण उघडून बघतो?

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे स्पर्धेतलं बोलणं हे स्पर्धेतलंच. कॉलेजात मी ‘हुंडा आवश्यक आहे’ या बाजूनं बोलून ढाल आणली होती आणि लग्नात सासऱ्यांकडून सुपारीसुद्धा घेतली नाही. तेव्हा राजीव काय बोलला, त्याचा मला राग नाही. तो म्हणाला, आपण डिग्रीवाले लोक, आपण कशाला कामगारांत मोडतो? शिवाय पोलिश माणूस काळ्या माणसाला मत देईल, हे स्वप्नातच. टाळ्या भरपूर पडल्या. (आपल्याच लोकांच्या. ‘आपण त्यांच्यात कशाला?’ हे वाक्य समोसे वाढतानाही दोनदा ऐकलं.)

मग मी उठलो. आमच्या पाण्याच्या मीटरच्या कारखान्यातली हकिगत सांगितली. गेल्या हिवाळ्यात पोलिश स्टॅनलीची बोटं प्रेसमध्ये अडकली. कार्मेननं धावत जाऊन बटण दाबलं, डॉरिसनं स्वतःचा स्कार्फ सोडून हात बांधला, मी बर्फ आणायला पळालो. त्या दहा मिनिटांत कोणी कोणाचा देश विचारला नाही. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा काळे एका टेबलाशी, पोलिश दुसऱ्या, कार्मेनची मंडळी तिसऱ्या, आणि मी कोकच्या मशिनशेजारी एकटा डबा खात. हा उमेदवार एवढंच म्हणतोय, असं मी म्हणालो, की दुसऱ्या दिवशीही एका टेबलाशी बसा. घसा भरून आला, मामा. स्पर्धेत येतो तसा.

आणि मागच्या रांगेतून डॉरिस उभी राहून ‘आमेन’ म्हणून ओरडली! ही डॉरिस आमच्या कारखान्यातली युनियनची पुढारी. माझी गाडी बर्फात बंद पडली तेव्हा सबंध जानेवारी तिनं मला कामावर नेलं-आणलं, म्हणून सुलभानं तिला मोठ्या प्रेमानं पाडव्याला बोलावलं होतं. श्रीखंड वाढलं, कुंकू लावलं, सगळं केलं. वाटीतल्या चिठ्ठ्यांचं तेवढं कोणीच सांगितलं नाही. मनात नसताना माणूस दहा मिनिटं घसा फोडतो, हे तिला सुचणार तरी कसं?

सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही. स्टॅनली म्हणतो, माणूस बोलतो झकास, पण माझ्या पेन्शनचं काय करणार, आणि आमच्या गल्लीत त्याला कुत्रंही मत देणार नाही. डॉरिस म्हणते, पलीकडचा कारखाना बंद पडला तेव्हा गेटवर तो आला होता, बाकीच्यांनी पत्रकं पाठवली. कार्मेन म्हणते, चार शब्द स्पॅनिश बोलला, त्यातले तीन चुकले, पण बोलला. आणि मग सगळे माझ्याकडे बघतात! मी पोळीची गुंडाळी हातात धरून कोकच्या मशिनला चिकटतो. आता डॉरिसनं शुक्रवारच्या युनियनच्या सभेत माझं नाव घातलंय. बोलणाऱ्यांच्या नावांचा कागद हजेरीच्या घड्याळाशेजारी लावलाय. परवा आमचा सुपरवायझर त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला, मग वळून मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला. सहा वर्षांत हा माणूस मला कधी गुड मॉर्निंग म्हणाला नव्हता. माझी पाचावर धारण बसली. कारखाना दक्षिणेला हलवणार अशी कुजबुज आहे, पहिल्यांदा कोणाला काढतील, सांगा! आणि सत्तावीस तारखेला माझी सिटिझनशिपची मुलाखत. कम्युनिस्ट होता का, असा प्रश्न फॉर्मवर छापलाय. मला अजून मतही देता येत नाही, आणि मी दुसऱ्यांना मत द्यायला सांगणार. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

राजीव म्हणतो, सिक कॉल कर, आजारी आहे म्हणून फोन करून टाक. मी त्याहून सरळ वाट धरली, डॉरिसला चिठ्ठ्यांचं सगळं खरं सांगून टाकलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, ते स्टॅनलीच्या बोटांचं चिठ्ठीत लिहिलेलं होतं का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग शुक्रवारी सात वाजता, आणि निघून गेली.

सुलभा वरून हाका मारतेय. मामींना आणि शैलाला नमस्कार-आशीर्वाद सांगा.

आपला भाचा,
पुरुषोत्तम

ता. क. हे पत्र वाचून झालं की बंबात घाला.

आणखी एक. तुम्ही मास्तरांच्या संपात टेबलावर उभे राहून बोलला होतात, तेव्हा मी आठवीत होतो. गर्दीत मला तुमचा आवाज ऐकू आला, पाय दिसले नाहीत. कापत होते का? खरं काय ते कळवा. उत्तर शुक्रवारपर्यंत पोचणार नाही, ते मला कळतं. तरी कळवा.

शेवटचं. पत्रासोबत एक लहान चिठ्ठी आहे. सरलाताईंचं अक्षर. वाटीतून मी उचलली ती हीच. तिच्यावर ‘विरुद्ध’ लिहिलंय, मामा. मी ‘बाजूनं’ असं मोठ्यानं म्हणालो आणि ती खिशात टाकली. सुलभालाही सांगितलेलं नाही. इथं घरात ठेवायची भीती वाटते आणि फाडवतही नाही. पत्र बंबात घालाल तेव्हा ही तेवढी बाजूला काढून ठेवा.